स्वयंसेवक निकोलाय

निकोलाय गेला, हे त्याच्या मुलीनं, नीनानं, कुंपणावरून सांगितलं. मी कचऱ्याचा बिन ओढत होतो. "झोपेतच गेला, मेट." मी सॉरी म्हटलं, आणि मनात आलं, झोपेत? इतकं सोपं? माझी मलाच किळस आली...

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या या गल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा शेपू घातलेल्या खारवलेल्या काकड्या घेऊन पहिला दारात आला तो हाच. पोलादाच्या कारखान्यात आयुष्य काढलेला, शंभरीला टेकलेला. युद्धाचं विचारलं की एवढंच म्हणायचा, "आय वॉज व्हॉलंटियर." रशियन माणूस, व्हॉलंटियर, म्हणजे हिटलरविरुद्धच, आणखी काय! फुकटच्या काकड्यांनी आणि अर्धवट इतिहासानं विरघळलेल्या मी त्याला मंडळाच्या गणपतीत स्टेजवर चढवलं, 'महायुद्धातले स्वयंसेवक' म्हणून शाल-श्रीफळ दिलं. स्वयंसेवक म्हटलं की आपल्याला खुर्च्या लावणारा, पाणी वाटणारा माणूस दिसतो. टाळ्या पडल्या. बायको कानात कुजबुजली, "कुणाच्या बाजूनं लढला, विचारलंस का?" "तुझं आपलं काहीतरीच," मी म्हणालो.

नंतर त्याच्या व्हरांड्यात विचारलंच. "जर्मन आर्मी," तो सहज म्हणाला. जर्मनांनी पकडलेल्या रशियन सैनिकांच्या छावणीत माणसं गवत खात होती. जर्मनांकडून लढायला पुढे येईल त्याला पाव मिळणार होता, हा पुढे आला. इथवर मला दयाच आली. संकष्टीला चार वाजताच चिडचिडणारा मी, उपाशी माणसाला काय शिकवणार? पण मग त्याची तुकडी खेड्यापाड्यांत बंडखोर शोधत फिरली. "लोक धान्य लपवायचे. आम्ही कोठार पेटवायचो."

"आणि लोक?"

"कोठारातच असायचे. दार बाहेरून लावलेलं."

लिंबाची फांदी कुठून छाटायची हे ज्या आवाजात सांगायचा, त्याच आवाजात. जर्मनांचं हरणं दिसू लागल्यावर या सगळ्यांना गोळा करून जर्मन पायदळाची एक रशियन डिव्हिजन उभी केली गेली, आणि अगदी शेवटी प्रागमध्ये ती जर्मनांवरच उलटली. हे मात्र त्यानं छाती काढून सांगितलं. "लास्ट वीक, वी वेअर गुड." शेवटचा आठवडा चांगले वागले म्हणे! त्यानंतर मी त्याच्याकडे बसलो नाही.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी नीना आली. "दोन शब्द बोल. तुमच्या फेस्टिव्हलमध्ये बोललास तसंच. व्हॉलंटियर म्हण."

"नीना, तुला माहीत आहे ना, तो कसला..."

"म्हणूनच तुला सांगतेय. त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोललं ते तेवढंच."

चॅपलमध्ये आम्ही नऊ-दहा जण. मी उभा राहिलो. नीना त्या एका शब्दाची वाट बघत होती, तो माझ्या जिभेवर आला आणि तिथंच कुजला. "तो माझा शेजारी होता," म्हणालो आणि खाली बसलो. तिनं मान फिरवली.

परवा मात्र तिनंच हाक मारली. घर विकायचंय, आणि मागच्या शेडला दारच नाही. पावसानं हत्यारं गंजायची, तरी म्हाताऱ्यानं स्वतः उखडलेलं ते दार पुन्हा कधी बसवू दिलं नव्हतं. "का, ते कधी बोलला नाही," ती म्हणाली. याला पश्चात्ताप म्हणायचं? मी म्हणणार नाही. नवं दार मी धरलं, तिनं बिजागऱ्या बसवल्या.

"जरा आत उभा राहा ना, मेट. नीट लागतंय का बघू."

मी आत गेलो नाही.