दोन्ही हातांत ट्रे

"विरोधात कोण? हात वर करा," रजिस्ट्रार साहेब म्हणले, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत काफीचा ट्रे होता.

मी काफीवाला नाही. युनिव्हर्सिटीतला माळी. आणि तिच्याच कौन्सिलचा मेंबर. हसू नका. शिपाई, झाडूवाले, माळी, सगळ्यांनी मतं टाकून निवडून दिलेला.

नव्वद साल उलटल्यापासून बंगळूरात परदेशी पाहुण्यांची रीघ. गेल्या महिन्यात तिकडच्या युनिव्हर्सिटीचा एकजण करार करायला आला. आमचे साहेब तिकडं जाणार, त्यांचे इकडं येणार. त्यांना राहायला गेस्टहाऊस. कुठं? आमची क्वार्टर्स पाडून. माझं घर त्यातच.

म्हणून कौन्सिलच्या मीटिंगला विरोधात हात वर करायचं ठरवून गेलो. आरशासमोर सराव केला. मेव्हणा पीण्या भागातल्या कारखान्यात आहे, त्याचा शर्ट मागून आणला. बायको म्हणाली, "अहो, काखेत उसवलाय. हात स्वल्पच वर करा."

आत बघतो तर पाहुण्यासमोर त्याच्या नावाची पाटी. आदल्याच दिवशी विमानातून उतरलेला माणूस. त्याला गादीची खुर्ची, मला दाराजवळचं स्टूल. लई जळलो. पाटीवर जळलो, खुर्चीवर जळलो. त्याच्यासमोरच्या गुच्छावर पण जळलो, आणि तो गुच्छ मीच बांधलेला.

मत घ्यायची वेळ आली तसे रजिस्ट्रार साहेब माझ्याकडं वळले. अगदी गोड. "अण्णा, स्वल्प काफी बघा की."

"सरी, साहेब." होकार निघालाच तोंडातून. पाय आपले आपण उठले. खरं सांगतो, ट्रे हातात आला तेव्हा बरंच वाटलं. म्हणलं, काख झाकली.

दारात पोचतो तोवर विरोधाचं विचारून झालं. कोणीच नाही. मग बाजूनं कोण, तर सगळ्यांचे हात वर. पाहुण्यानंही गमतीनं केला. त्याला मत नाही. तरी सगळे कौतुकानं हसले.

"एकमतानं मंजूर," साहेब म्हणले.

मी त्या हाताकडं बघत राहिलो. गोरा, मऊ, नुसता गमतीचा हात. त्याचं कौतुक. आणि ज्याला मत आहे, त्या हातात कपबश्या.

ट्रे ठेवला. कराराच्या कागदांवरच ठेवला. काफी सांडली. हात वर केला, पूर्ण. टर्रकन शर्ट फाटला. खाली बनियन, त्यालाही भोक. हशा झाला.

"मी विरोधात."

"झालं की आता, अण्णा. खाली घ्या हात."

"आधी मोजा."

मोजला नाही. काफी पुसली, फोटो काढले. फोटोत मी नाही, गुच्छ आहे.

क्वार्टर्स पाडायला येणारच आहेत. घरी बायको शर्ट शिवायला बसली. म्हणलं, राहू दे. पुढच्या मीटिंगला हाच घालणार. कुणाला काफी पाहिजे असेल तर उठून आणावी. मी स्टुलावरून हलणार नाही. 'विरोधात एक' असं माझ्या डोळ्यांसमोर लिहीत नाहीत, तोवर हात खाली येणार नाही.