यंत्रात फुटलेलं हसू
नाटकात चेहऱ्याला लावायच्या सफेद्यात खोबरेल कालवल्याचा वास आला की मला नामपल्लीजवळच्या दवाखान्यातली ती थंडगार खोली आठवते. माझा धाकटा भाऊ उत्तेजक गोळ्यांच्या नशेतून नुकता सुटला होता, पण घरात सावलीसारखा वावरायचा. त्याला ना जेवणात चव होती, ना कुणाशी बोलण्यात. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की गोळ्यांनी मेंदूतल्या आनंदाच्या सगळ्या वाटा स्वतःकडे वळवून घेतल्यात. साध्यासुध्या गोष्टींशी त्यांची जोड पुन्हा जुळतेय का, ते स्कॅनमध्ये पाहायचं. यंत्रात दाखवायला त्याच्या जुन्या आवडीचे फोटो त्यांनी मागवले. मी क्रिकेटचे दिले, आईच्या हातच्या पुरणपोळीचा दिला, आणि मध्येच आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकाचा माझा फोटो हळूच सरकवला. अंगावर नऊवारी, नाकात नथ, आणि नथीखाली माझ्या झुबकेदार मिशा, कारण त्या काढायला मी साफ नकार दिला होता. काचेच्या अलीकडे आई आणि मी उभे होतो. अचानक यंत्राबाहेर आलेले त्याचे पाय गदगदा हलू लागले. "हिलो नक्को भाई, तस्वीर खराब होरी," तंत्रज्ञ माइकवर म्हणाला. आईनं माझा दंड धरला. "रडतोय का रे तो?" तेवढ्यात स्पीकरमधून कित्येक महिन्यांनी त्याचं हसणं ऐकू आलं, आणि रडायला लागली ती आई. स्कॅन वाया गेला. "उद्या पुन्हा काढू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फक्त ती मिशीवाली बाई घरी ठेवा." आता दर गणपतीला नाटकासाठी तोच माझा चेहरा रंगवतो, आणि मला हसू फुटलं की हनुवटी धरून दटावतो, "दादा, हिलो नक्को."