पानथरी लागत नव्हती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या सकाळी पानथरी मलाही लागली नव्हती.

धुळ्याला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांची वॉर्डातली परीक्षा होती. पेशंटचं पोट तपासायचं आणि हाताला काय लागतं, पानथरी म्हणजे प्लीहा वाढलीय का, ते सांगायचं. माझ्याबरोबर परीक्षक होते माझेच सर. मी विद्यार्थी असताना माझं मनगट धरून त्यांनीच शिकवलं होतं, "दाबू नकोस. हात टेकव, श्वास घेऊ दे. पानथरी आपणहून बोटाला भेटायला येते."

खाटेवर मलेरियाचे एक आबा होते. भरती झाले तेव्हा पानथरी चांगली दोन बोटं वाढलेली. औषधांनी ओसरली असावी. मी सरांना हळूच म्हटलं, "आता लागत नाहीये."

"बायको पोळ्या लाटायला लावते का रे? बोटं बोथट झाली तुझी!" सर हसले. मीही हसलो.

कोणत्या खाटेवर काय, ही बातमी होस्टेलवर आधीच फुटते. त्यामुळे पोरं पोटावर हात ठेवायची आणि कानांनी ऐकलेलं बोटांना लागायचं. "दोन बोटं, सर." एक मुलगी मात्र बराच वेळ हात टेकवून थांबली.

"लागत नाही, सर."

"परत बघ."

तिने बघितलं. "नाहीच लागत."

सरांनी तिला नापास केलं. मीही सही केली.

सगळ्यांचं 'आहे' आणि तिचं एकटीचं 'नाही' आबांनी ऐकलं होतं. त्यांनी माझी बाही ओढली. "बठ्ठा शे म्हनतस, ती एकलीच नही म्हननी. मंग मी बरा व्हई गऊ का, डॉक्टर?" दुपारी त्यांना घरी सोडलं.

मुलगी विभागप्रमुखांकडे गेली. आम्हाला बोलावणं आलं. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. सर सांभाळून घेतील, असं वाटत होतं. मी तोंड उघडण्याआधी सरच बोलले, "केस यांनी निवडली. सकाळी यांनीच तपासून दोन बोटं सांगितली. मी यांच्या हातावर विसंबलो."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जो हात स्वतः घडवला, तोच आडोशाला धरला.

"लागली होती ना?" प्रमुखांनी मला विचारलं. नाही म्हणायचं तर सरांना तोंडावर खोटं पाडावं लागणार होतं. त्यांना मला पाडताना काही वाटलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "हो."

पुढच्या परीक्षेत ती मुलगी बाकीच्यांसारखीच पटकन बोटं सांगून मोकळी झाली. पास झाली. मी तिथेच उभा होतो.

सर दिवाळीला अजून फोन करतात. मी उचलतो.

ती आता जळगावला पिंप्राळ्यात दवाखाना चालवते, माझ्या घरापासून जवळच. तिला एवढं सांगायचं राहिलंय, की त्या दिवशी तुझा हात बरोबर होता आणि ते मला माहीत होतं.