ढब्बू गवत खातो

लिफ्टदुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींचा कान भारी तिखट. लिफ्ट जराशी कुरकुरली, की काय झिजलंय ते दारातच सांगून मोकळे व्हायचे. बायको मात्र कितीतरी महिने पोट जड वाटतंय म्हणत होती, ते त्यांनी कानाआड केलं. गॅस असेल, बाकी काही नाही, म्हणाले. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं.

मागे उरला ढब्बू, तिचा लाडका कुत्रा. एका सकाळी त्यानं अंगणातलं गवत कराकरा खाल्लं आणि उंबऱ्यातच पिवळं पाणी ओकला. मिस्त्री दिसेल त्याला विचारत सुटले. शेजारीण म्हणाली, कुत्रं गवत खातंय म्हणजे पाऊस येणार असेल. मेव्हणा म्हणाला, जंत झाले असतील. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ढब्बूला उलटासुलटा करून तपासलं, रक्तही पाहिलं. बरीच कुत्री नुसती आवड म्हणून गवत खातात, याची तब्येत ठणठणीत आहे, काही नाही झालेलं, असं त्यांनी समजावलं.

त्या ‘काही नाही’नं तर मिस्त्री आणखीच हादरले. पुन्हा गेले, पुन्हा पुन्हा गेले. कामावर दांड्या पडू लागल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले.

त्या दिवशी घरी येताच मिस्त्रींनी खुरपं घेतलं आणि वेड्यासारखं अंगणातलं गवत मुळासकट उपटायला लागले. बोटं सोलवटली तरी थांबेनात. ढब्बू आपला कुंपणाखालून मान घालून शेजारचं गवत खात होता.

पलीकडच्या गल्लीत राहणारी लेक डबा घेऊन आली, ती फाटकातच थबकली. मग पुढे होऊन तिनं खुरपं काढून घेतलं.

"बाबा, त्याला काही झालेलं नाही."

"तुझ्या आईलाही मी हेच म्हणत होतो."

लेकीनं खुरपं बाजूला टाकलं. आईनं तिलाही सांगितलं होतं, आणि ‘जरा चालत जा, बरं वाटेल’ म्हणून तिनंही विषय संपवला होता. हे ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती. उकरलेल्या मातीत ती बापाशेजारी बसली आणि सगळं सांगून टाकलं. नंतर कितीतरी वेळ दोघंही रडत होती.

गवत पुन्हा उगवलं. ढब्बूनं त्याला तोंड लावलं, की मिस्त्रींचा जीव अजूनही खालीवर होतो. मग ते लेकीला फोन लावतात, आणि हातातलं काम टाकून ती उचलते.