भरलेला वॉर्ड

"हात लावला तर चालेल ना?"

देणगी द्यायला आलेल्या बाईंनी विचारलं. मला नाही, डॉक्टरांना. मी खाटेवर पडलेली. अंगात पेशंटचा हिरवा झगा, मनगटावर सलाईनची नळी. नळी नुसती चिकटपट्टीने चिकटवलेली, सुई नव्हतीच. मला काही झालेलंच नव्हतं.

"चालेल, चालेल. स्वच्छ आहे ती," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी बोटांच्या टोकांनी माझ्या हातात संत्रं ठेवलं. फोटो निघाला. संत्रं परत टोपलीत गेलं, टोपली पुढच्या खाटेकडे गेली. बाईंनी पर्समधून बाटली काढली आणि हात चोळले.

मी त्या हॉस्पिटलातली मावशी. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत आमचं छोटं धर्मादाय हॉस्पिटल. फरशी पुसायची, बेडपॅन उचलायचं, बाळंतिणीचे कपडे धुवायचे. माझं गाव हिंगोलीकडे. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागे मुंबईला आले. तो इमारतींवर सेंटरिंगच्या कामाला. माझं पहिलं बाळंतपण इथेच झालं. बाळ गेलं. मी वाचले, ती डॉक्टरांमुळे. त्यांनी पैसे घेतले नाहीत, वर काम दिलं. गावाकडे आईला फोनवर मी सांगायचे, इथं देवमाणूस भेटला. नळ नीट बंद केला का, हे बघायलासुद्धा मी दोनदा परत जायचे. आपल्या हातून काही चुकायला नको. त्यांना वाटायला नको, हिला उगाच ठेवली.

नंतर देणग्या आटल्या. पगार लांबत गेले, तशा सिस्टर एकेक करून सोडून गेल्या. उरल्या सावंत सिस्टर. त्या एकट्या, म्हणून अर्धा वॉर्ड बंद केला. पण पाहुणे रिकाम्या खाटा बघून देणगी कशी देणार? म्हणून ते यायचे त्या दिवशी वॉर्ड आम्ही भरायचा. मावशा, वॉर्डातले मामा, दारावरचा वॉचमन. वॉचमन तर खरंच झोपायचा, घोरायचा.

सावंत सिस्टर मालवणच्या. माझ्या हाताला पट्टी लावताना म्हणाल्या होत्या, "गो बाये, थंय मढ आयलंडार शूटिंगमध्ये नुसत्या पडून रवणाऱ्यांकय जेवण मिळता. तू हंय फुकट पडलंस!" मी हसले होते. हॉस्पिटल जगायला पाहिजे, मग पडले तर काय झालं, असं वाटत होतं.

पण त्या दिवशी बाईंचे हात चोळून झाल्यावर डॉक्टर बोलायला लागले. "हिला आम्ही फुटपाथवरून उचलली. कुणी नव्हतं हिला." फुटपाथवर मी एक रात्र काढलेली नाही. आमची खोली होती, भाड्याची का असेना. मग ते माझ्या बाळाबद्दल बोलले. आणि बाळाचं नाव सांगितलं.

ते नाव मी ठरवलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाळ गेल्यावर डॉक्टर खाटेशी बसले होते, तेव्हा रडता रडता फक्त त्यांना सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "सो स्वीट." डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ते नाव मी इथेही लिहिणार नाही.

थोड्या दिवसांनी गेटवर बोर्ड लागला. त्यावर मी, हातात संत्रं, खाली लिहिलेलं: निराधार महिलेला नवजीवन. नवरा मला न्यायला आला होता. बोर्डासमोर उभा राहिला, हळूहळू वाचलं. म्हणाला, "निराधार? मी काय मेलो का?"

रस्ताभर तो माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिला.

पुन्हा पाहुणे यायचे ठरले, तेव्हा मी परत पडले. हो, पडले. नोकरीची भीती होती. झगा, नळी, चिकटपट्टी, सगळं तसंच. इतक्यात दाराशी रिक्षा थांबली. एक पोरगी, पोट पुढे, कळा सुरू झालेल्या. तिची सासू तिला धरून आत आणत होती. वस्तीतलीच माणसं. पोरगी तपासायला इथेच यायची.

डॉक्टर दारातच आडवे आले. "आज नाही जमणार, आजी. एकही खाट रिकामी नाही. सरकारी हॉस्पिटलात न्या."

सासूने आत डोकावलं. "साहेब, पोरगी रिक्षात बाळंत होईल ओ."

ती खाटा बघत होती. एका खाटेवर मामा, एकीवर वॉचमन, एकीवर मी. तिची नजर माझ्यावर आली. ती माझी काळजी करत होती! बिचारीला काय झालंय, असं तिच्या तोंडावर होतं.

मी पट्टी ओढून काढली. हातावरचे केस निघाले. उठून उभी राहिले.

"ही खाट रिकामी आहे," मी म्हणाले.

"झोप तू." डॉक्टर दात आवळून बोलले. "पाहुणे गेटवर आलेत."

"येऊ द्या. तिला आत घ्या."

"सगळं विसरलीस? कुणामुळे जिवंत आहेस?"

"तुमच्यामुळे. ह्याच खाटेवर. म्हणून सांगते, तिला घ्या."

सावंत सिस्टर पुढे आल्या, पोरीचा दंड धरला. चादर मी बदलली. वॉचमन जागा झाला, उठून बसला. पाहुणे आत आले तेव्हा मी हिरव्या झग्यातच गरम पाण्याची बादली घेऊन चालले होते. संत्र्यांची टोपली त्यांच्या हातातच राहिली.

पोरगी सुखरूप बाळंत झाली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "देणगी गेली. हॉस्पिटल बंद पडलं तर तुझ्यामुळे. उद्यापासून येऊ नकोस."

मी घाबरले होते. तरी म्हणाले, "बोर्डावरून माझं तोंड काढा. आणि माझ्या बाळाचं नाव पुन्हा कुणाला सांगायचं नाही."

त्यांनी दुसऱ्या दिवशीही बोर्ड काढला नाही. मी नवऱ्याला घेऊन गेले. त्याने स्टूल धरलं, मी वर चढले. दोऱ्या मीच कापल्या.

त्यांनी मला वाचवलं, हे मी कुणापुढेही सांगेन. उद्या बोलावलं तर फरशी पुसायला जाईन, बेडपॅन उचलेन. पण त्या खाटेवर आता मी खरी आजारी असेन तरच पडेन.