टेकडी मेजरसाहेबांच्या नावावर होती

त्या वर्षी आमची पलटण काश्मीरात होती. मी चार्ली कंपनीचा सीनियर जेसीओ, म्हणजे अफसर आणि जवान यांच्या मधला म्हातारा. कंपनी कमांडर मेजर अभय टवलारे, अमरावतीच्या राजापेठेतले. त्यांच्या हाताखाली कॅप्टन इरफान शेख, अकोल्याच्या जुन्या शहरातले. मी सुभेदार भटकर, अकोटचा. दोन्ही साहेब माझ्याशी वऱ्हाडीतच बोलत. "सुभेदारसाहेब, काहून तोंड पाडून बसले?" असं मेजरसाहेब रोज पहाटे विचारत, आणि त्या थंडीत मला त्यांचा मनस्वी राग येई.

कामं ठरलेली असत. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं, मग हजेरी, हत्यारांची सफाई, मग गस्त. लढाई वर्षातून एखाद वेळ. बाकी दिवस रोटी, बूट आणि रिपोर्ट. सिव्हिलच्या लोकांना हे सांगितलं की त्यांचा विरस होतो, पण खरं आहे ते हेच.

ती एक वेळ सकाळची होती. टेकडीवरच्या दोन ढोकांमध्ये, म्हणजे गुराख्यांच्या दगडी घरांमध्ये, अतिरेकी असल्याची खबर होती. धुकं उठायच्या आत आम्ही खालच्या नाल्यात पोचलो. मेजरसाहेब सर्वांत पुढे, मी आणि कॅप्टनसाहेब मागोमाग. वरून गोळ्यांचा पहिला बर्स्ट आला आणि मेजरसाहेब पडले. गोळी मानेत होती. मी हात दाबून धरला, पण रक्त थांबेना.

ते कॅप्टनसाहेबांना म्हणाले, "इरफान, कंपनी तुही. पोरायले कळू देऊ नको, मागं फिरतीन."

तेवढं बोलून ते गेले. कॅप्टनसाहेबांनी त्यांचे डोळे मिटले आणि रेडिओ सेट उचलला. टायगर हा मेजरसाहेबांचा कॉल साइन, म्हणजे सेटवरचं नाव.

"टायगर बोलतोय. दोन नंबर प्लाटून, उजवीकडून. एक नंबर, फायर चालू ठेवा."

"रॉजर, टायगर."

सेटवर खरखर होती, आवाज कोणाला ओळखू आला नाही. दुपारपर्यंत कॅप्टन इरफान टायगर होऊन बोलत राहिले आणि कंपनी चढत राहिली. चढताना आमचे आणखी दोन जवान गेले. ढोक हाती आले तेव्हा पोरं आनंदानं ओरडली, "मेजरसाहेब की जय!" मग ती खाली आली आणि नाल्यात त्यांनी काय पाहिलं ते मी लिहीत नाही.

आता चूक झाली ती सांगतो. पलटणीच्या रेडिओ लॉगमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत टायगर बोलत होता. म्हणून वर रिपोर्ट गेला तो असा, की मेजर टवलाऱ्यांनी टेकडी घेतली आणि शेवटच्या क्षणी ते पडले. कोणी दुरुस्त केला नाही. पलटणीचे कमांडर सीओसाहेब, त्यांनीही नाही. मेजरसाहेबांवर सगळ्यांचा जीव होता. नवा कंपनी कमांडर यायला आठ महिने लागले. तोवर कंपनी इरफानसाहेबांनी चालवली, पण दारावरची मेजरसाहेबांची पाटी त्यांनी काढू दिली नाही. रोजच्या प्रत्येक कागदावर ते 'कंपनी कमांडरकरिता' असं लिहून खाली सही करत. आम्हाला ते शोभून दिसलं. मला आजही दिसतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पण फौजेचा कागद कोणाच्या मायेवर चालत नाही. बारा वर्षांत इरफानसाहेब लेफ्टनंट कर्नल झाले आणि कर्नलच्या प्रमोशन बोर्डापुढे त्यांचं नाव गेलं. तिथे विचारतात, ऑपरेशनमध्ये कंपनी कमांड केली का? यांच्या रेकॉर्डवर कमांड शून्य. एकदा डावललं. मग त्यांनी अर्ज केला, तर वरून उत्तर आलं, की आपण स्वतःच दुसऱ्याकरिता सही केलेली आहे, सबब दावा ग्राह्य नाही.

मी तोवर निवृत्त होऊन अमरावतीत राहत होतो. साहेब ते उत्तर घेऊन माझ्या घरी आले. मी वाचलं आणि टेबलावर आपटलं. "दुसऱ्याकरता? मेलेल्या मानसाकरता सही करते का कोनी? अकलेचे कांदे लेकाचे!"

"सुभेदारसाहेब, मी केली ना," ते शांतपणे म्हणाले. "पुढचा बोर्ड शेवटचा. त्यात राह्यलं का याच रँकवर घरी. नाल्यात तुमी होते. तुमचं शपथपत्र लागते."

"आत्ता लिहून देतो."

"आधी गुरुजीले इचारा. ते नाही म्हनले तर मले प्रमोशन नको."

गुरुजी म्हणजे मेजरसाहेबांचे वडील, राजापेठेतले निवृत्त शिक्षक. पोरगा कसा टेकडीच्या माथ्यावर पडला, हे बारा वर्षं ते शाळाशाळांतून सांगत होते. मी साहेबांना म्हटलं, हा काय आचरटपणा आहे, त्यांच्या परवानगीचा इथे काय संबंध? साहेब उठले, कडक सॅल्यूट ठोकला आणि अकोल्याला निघून गेले. मला त्यांचा असा संताप आला म्हणता!

तरी मी राजापेठेत गेलो. गुरुजींनी दार उघडलं ते अर्धंच.

"काहून आले?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. गोड करून सांगायची मला सवय नाही.

"मंजे तो वर पोचलाच नाही, असं म्हनता तुमी?"

"नाही. खालीच. नाल्यात."

"बारा वर्सं मी लेकरायपुढं काय बोलून राह्यलो मंग? खोटं?" त्यांचा आवाज चढला. शेजारच्या ट्यूशनची पोरं खिडकीत जमली. "त्या इरफानच्या खांद्यावर फीत लागावी म्हनून माह्या पोराले तुमी पुन्हा मारून राह्यले. अन् तेई टेकडी चढाच्या आधी! निंघा. माह्या दारात उभे राहू नका."

"निंघतो. पन तो शेवटचं काय बोलला ते आयका, मंग निंघतो."

मी त्यांना तो शब्द न् शब्द सांगितला. गुरुजींनी दाराची कडी घट्ट धरली. मला वाटलं आता रडतील. कशाचं काय, ते आणखी भडकले.

"हे मले आजवर कोनी सांगतलं नाही?"

"इरफानसाहेबायनं मना केलं होतं. पोरायले कळू देऊ नको, हे त्यायनं जरा जास्तच पाळलं."

"अन् कंपनी तुही, हे? हे काहून नाही पाळलं? माह्या पोरानं मरता मरता त्याले कंपनी देल्ली, अन् हा शहाना आठ महिने दुसऱ्याकरता सह्या करते! हुकूम होता तो. अर्धा पाळाचा असते का हुकूम?"

त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. हो की नाही, ते काही म्हणालेच नाहीत.

मेजरसाहेबांच्या स्मृतिदिनाला दर वर्षी राजापेठेत सकाळी छोटा कार्यक्रम होतो. इरफानसाहेब रजा काढून येतात आणि मागच्या रांगेत बसतात. यंदाही आले. त्या कार्यक्रमानंतर मी शपथपत्र पाठवलं. निकाल अजून यायचा आहे, आणि पुन्हा नकार आला तर मी स्वतः दिल्लीला जाऊन भांडणार आहे. पण त्या सकाळी जे झालं ते आधी लिहून ठेवतो.

गुरुजी माइकसमोर उभे राहिले. शाळेतल्या शुद्ध भाषेत म्हणाले, "मुलांनो, दर वर्षी मी तुम्हाला सांगतो की माझ्या अभयने टेकडी घेतली. ते बरोबर नाही. अभय पायथ्याशीच पडला. पडताना त्याने कंपनी दुसऱ्याच्या हाती दिली. टेकडी त्या दुसऱ्याने घेतली." मग मागे पाहून गुरुजी कडाडले, "इरफान! उभा राय!"

इरफानसाहेब ताडकन उठले.

"अभयनं देल्लेला हुकूम तुले आयकू आल्ता का नाही?"

"आला होता, सर."

"मंग नाल्यापासून वर कंपनी कोनाची होती?"

साहेब सावधानमध्ये उभे राहिले.

"माझी होती, सर," ते म्हणाले. "नाईक संतोष गवई आणि शिपाई रामकृष्ण ढोले माझ्या हुकमावर वर गेले. ते माझ्या कमांडखाली पडले."