ओल्या लाकडाची करवत

वालुरात कुणाला कुऱ्हाड घ्यायची झाली की तो आधी मुंजाजीकडं जायचा. मुंजाजी सरपण फोडणारा माणूस. लग्नाच्या चुलवणाला, गुऱ्हाळाला, मठातल्या भंडाऱ्याला लागणारं सरपण त्याच्या हातचं. जिंतूरच्या बाजारात लोहारापुढं तो उकिडवा बसायचा, पातं नखानं वाजवून बघायचा आणि घेणाऱ्याला विचारायचा, "फोडायचंय काय? बाभळ का लिंब? वाळलं का वलं?"

"सरपान म्हंजी सरपान," असं कुणी म्हटलं की हा उठून चालू लागायचा. "मंग इळी घे की बाबा. कांदा बी चिरता येईल."

पण त्याचा खरा जीव करवतीवर. गाव म्हणायचं, करवत सुतारानं धरावी, सरपणाला कुऱ्हाड बास. मुंजाजी म्हणायचा, जाड खोडाला कुऱ्हाड लावली तर पाव खोड ढलप्यांतच जातं. त्याच्याकडं दोन करवती होत्या, दोन्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढायच्या. एक जुनी, बारीक दातांची, वाळल्या लाकडाची. दुसरी नवी, मोठ्या दातांची. तिचे दात एकाआड एक डावी-उजवीकडं चांगले कललेले. ओलं लाकूड पात्याला आवळून धरतं, म्हणून त्याला रुंद वाट पाडणारी करवत लागते. हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की झोपेतही म्हणून दाखवीन.

मुंजाजीच्या तोंडापुढं जोडीदार टिकत नसे. म्हणून करवतीची दुसरी मूठ त्याची बायको तानुबाई धरायची. गाव हसायचं. तानुबाई अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून कमी. पण ओढीला अशी की नवऱ्याला शिव्या द्यायला जागा सापडत नसे.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं, पोलीस ॲक्शनच्या आठ-नऊ वर्षं आधीचं. माझं घर अण्णारावांच्या घराला भिंतीला भिंत लागून. अण्णाराव म्हणजे आमच्या गावचे लिंगायत वाणी, किराण्याचं दुकान, माणूस सोवळ्याचा पण मनानं मोकळा. त्या वर्षी खंडेनवमीला दुपारनंतर वावटळ सुटली, मागून पाऊस कोसळला, आणि त्यांच्या परसातला जुना लिंब मुळासकट आडवा झाला. अण्णाराव तेव्हा बैल सोडायला गोठ्यात गेले होते.

मी भिंतीवरून उडी टाकून गेलो. खोड गोठ्याच्या मातीच्या भिंतीवर टेकलं होतं. त्याची एक फांदी, माणसाच्या कमरेएवढी, अण्णारावांच्या डाव्या पायावर गुडघ्याखाली पडली होती. भिंत भिजून लोणी झालेली. खोडाखालून मातीचे गोळे सुटत होते, आणि त्या खोडाच्या बरोबर खाली अण्णारावांची छाती होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. खरं सांगतो, वर बघायची माझी छाती होत नव्हती.

दहा माणसं जमली. हात लावून बघितलं, फांदी हलेना. व्यंकटराव पाटलांनी पूजेत न मांडलेली एक जुनी कुऱ्हाड मागवली आणि पहिला घाव घातला. खोड थरथरलं, भिंतीचा हातभर तुकडा ढासळला, अण्णाराव किंचाळले.

तेवढ्यात मुंजाजी आला. त्यानं पाटलांचा हात वरच्या वर धरला. एरवी असं करायची कुणाची टाप नव्हती.

"कुऱ्हाड न्हाई! घाव बसला की खोड हादरतंय. अजून चार घावांत भिंत खाली येती अन् अण्णा बी जातेत. हितं करवतच पायजे."

"मंग आन की!" अण्णारावांची बायको उमादेवी ओरडली. "बगायलाय काय मुंज्या? पळ!"

मुंजाजी पळाला. आता तो घरी पोचल्यावर काय झालं, ते मला चार वर्षांनी कळलं. पण इथंच सांगतो, नाहीतर माझ्या जिवाला चैन पडायचं नाही. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. धुऊन, कुंकू लावून, झेंडू वाहून देवापुढं मांडली की दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मुंजाजीनं नवी करवत सकाळीच मांडली होती. जुनी तेवढी माळवदाच्या आढ्याला टांगलेली होती, पूजेत बसवण्याच्या लायकीची राहिली नव्हती म्हणून.

तो पूजेच्या पाटासमोर उभा राहिला. लिंब ओला, पावसात भिजलेला. कोणती करवत लागते हे अख्ख्या तालुक्यात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तानुबाई म्हणाली, "अवं, नवीच न्या." तो म्हणाला, "बसलेलं हत्यार उठवू नये." आणि आढ्याची जुनी करवत काढून पळत आला.

एक मूठ त्यानं धरली, दुसरी अण्णारावांच्या गड्यानं. पहिले चार हात बरे गेले. मग भुसा पिठासारखा चिकट होऊन दातांत बसायला लागला. करवत चार बोटं आत गेली आणि थांबली. फांदीनं तिला आवळून धरलं. पुढं जाईना, मागं येईना.

"अरे वढ!" मुंजाजी गड्यावर ओरडला.

"वढायलोय की!"

मुंजाजीनं खाप रुंद करायला पाचर ठोकायला दगड उचलला, भिंतीकडं बघितलं आणि दगड खाली ठेवला. गोडं तेल ओतून बघितलं. मूठ धरून अंगानं लोंबकळला. अण्णारावांचे ओठ काळे पडत चालले होते. पाय दुखतोय म्हणून ओरडणारा माणूस पाय कळत नाही म्हणायला लागला.

"भाऊ, पोरीला वसमतला सांगावा धाडा," ते मला हळूच म्हणाले. भिंतीतून पुन्हा माती गळली, त्यांच्या तोंडावर पडली. मी ती धोतराच्या सोग्यानं पुसली. उमादेवी मुंजाजीला नाही नाही ते बोलत होती, आणि मुंजाजी, ज्याच्या तोंडाला कधी टाळं नसायचं, तो हूं की चूं करत नव्हता.

तेव्हा तानुबाई आली. भिजून चिंब, दोन्ही हातांवर नवी करवत आडवी धरलेली. पात्यावर कुंकू ओघळलेलं, मुठीला झेंडूची माळ तशीच. बायका मागं सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं, पूजेतली उचलली व्हय?"

मुंजाजीनं अडकलेल्या करवतीची मूठ सोडली.

"देव काय म्हनंल ते मी ऐकून घेईन," तानुबाई म्हणाली. "तुमी मूठ धरा."

तिनं माळ तोडून टाकली, गड्याला बाजूला सारलं आणि चिखलात गुडघे टेकले. जुन्या करवतीच्या वीतभर अलीकडं त्यांनी नवी धरली. आता आवाजच वेगळा होता. दोघं एकमेकांकडं न बघता ओढत होती, भुसा लांब तुकड्यांनी बाहेर पडत होता. मी मोजत होतो. शंभराच्या आत कडकड वाजलं. सगळ्यांनी फांदी उचलून धरली, मी अण्णारावांना बगलेत धरून ओढलं, आणि आम्ही अंगणात पोचतोय तोवर भिंत बसली. जिथं त्यांची छाती होती तिथं खोड जाऊन आदळलं.

त्याच संध्याकाळी बैलगाडीनं सेलूला, तिथून रेल्वेनं परभणीच्या दवाखान्यात. मुंजाजी बरोबर गेला. अण्णारावांचा जीव राहिला. पाय गुडघ्यातून काढावा लागला.

आणि इथून पुढची गोष्ट सांगताना माझं डोकं आजही तापतं. गावानं म्हटलं, जीव वाचवला मुंजाजीनं. बरोबर. आणि पाय का गेला? तर तानुबाईनं पूजेतलं हत्यार उठवलं, देवीचा कोप झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे! कुणाची गाय गाभडली, तानुबाई. कुणाच्या ज्वारीवर काणी रोग पडला, तानुबाई. बाळंतिणीच्या दारात तिला बोलावणं बंद, हळदीकुंकवाला बंद. माझ्या घरातसुद्धा बंद. आणि मी, जो मांडीवर डोकं घेऊन सगळं बघत होतो, मी गप्प बसलो. घरात कटकट नको म्हणून. हेही लिहून ठेवतो.

मुंजाजीही गप्प. त्याच्याकडं लोक जास्तच यायला लागले. दर दसऱ्याला अण्णाराव त्याला ओट्यावर बसवून स्वतःच्या हातानं फेटा बांधायचे. तो मान खाली घालून बांधून घ्यायचा. लोक म्हणायचे, किती विनयशील! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय.

चौथ्या वर्षी दसऱ्याला ओटा माणसांनी भरला होता. फेटा बांधून झाला होता. आपट्याची पानं देणं-घेणं चाललं होतं. तानुबाई पायरीखाली आली. काय वाटलं तिला त्या दिवशी कोण जाणे. तिनं दोन पानं उमादेवीपुढं धरली. "सोनं घ्या, बाई."

उमादेवीनं पदर आवरला आणि तोंड फिरवलं. तानुबाई क्षणभर हात पुढं करून उभी राहिली, मग पानं मुठीत घेऊन घराकडं गेली.

मुंजाजीनं फेटा काढला. तो पायरीवर ठेवला.

"अण्णा, मला बोलायचंय. समद्यांपुढं."

"बोल की."

"त्या दिशी जुनी करवत मी आनली. वल्या लिंबात ती अडकनार, हे मला घरीच ठाव हुतं. तानू म्हनली, नवी न्या. मीच पूजेला भ्यालो. घटकाभर तुमाला तसंच ठिवलं फांदीखाली. दवाखान्यात डाक्टर मला म्हनला, आधा घंटा पहले निकालते तो पाँव बच जाता. मी कुनाला सांगितलं न्हाई. तुमचा पाय माझ्यापायी गेलाय."

अण्णारावांनी कुबडी मुठीत आवळली. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. मला वाटलं, आता कुबडी फेकून मारतात. मारली असती तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"अन् जीव?" त्यांनी विचारलं. "जीव ऱ्हायला त्यो कुनापायी?"

"तानूपायी."

"चार वर्सं तिला लोक बोलायलेत. तू ऐकत बसलास?"

"व्हय." मुंजाजी रडायला लागला. "बसलो."

अण्णारावांनी कुबड्या ओढल्या. मी आधार द्यायला पुढं झालो तर त्यांनी झिडकारलं. ते ओटा उतरले, फेट्यावरून पलीकडं झाले आणि मुंजाजीच्या आळीला लागले. मागं सगळं गाव, पण दहा पावलं सोडून. दारोदारच्या बायका उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

तानुबाई दारात चुलीसाठी ढलप्या गोळा करत होती. माणसं बघून ती गडबडली, पदर डोक्यावर ओढून उभी राहिली. तिला वाटलं असणार, आता आणखी काय राहिलं.

"तानुबाई," अण्णाराव म्हणाले, "तांब्याभर पानी दे."

आमच्या गावाबाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळायचा नाही. अण्णाराव गळ्यात लिंग बांधणारे, लिंगपूजा केल्याशिवाय अन्न न शिवणारे. परगावी गेले तरी स्वतःचा तांब्या बरोबर, पाणी लिंगायताच्याच हातचं. आमच्या घरी तीस वर्षं येत होते, पण आमच्या रांजणाला त्यांनी कधी तोंड लावलं नव्हतं.

"अण्णा... आमच्या घरचं?" तानुबाईनं विचारलं.

"तुज्याच घरचं."

ती आत गेली. तांब्या घेऊन आली तेव्हा पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडत होतं. अण्णारावांनी एक कुबडी भिंतीला टेकवली, एका पायावर उभं राहून तांब्या तोंडाला लावला आणि साऱ्या आळीदेखत घटाघटा प्याले. तानुबाई तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. उमादेवी गर्दीतून पुढं आली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

अण्णारावांनी रिकामा तांब्या पुन्हा पुढं केला.

"अजून दे," ते म्हणाले.